जूनमध्ये पडलेली अंडी, सप्टेंबरात वाळलेले लॉन: नाशिकमधील एका मंगल कार्यालयातील हुमणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या कडेला, गंगापूर धरणाच्या दिशेने, लग्नांसाठी भाड्याने दिले जाणारे एक लॉन्स आहे. हिरवळ सुमारे 20 गुंठे, म्हणजे अर्धा एकर. गवत सिलेक्शन वन या जातीचे, खाली बाहेरून आणून टाकलेली लाल माती आणि पोयटा, पाणी बोअरचे. पश्चिमेच्या कुंपणाला चार जुने कडुनिंब, त्यापलीकडे मोकळ्या प्लॉटवर दोन बाभळी. स्टेज त्याच बाजूला आणि प्रकाशझोताचे मोठे दिवेही त्याच निंबांना बांधलेले.

या धंद्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की बुकिंग सुरू होते आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. एप्रिल-मेच्या उन्हात आजूबाजूचे माळ भाजून निघालेले असताना हे अर्धा एकर मात्र रोज पाणी पिऊन मऊ आणि ओले असते. हे ध्यानात ठेवावे, कारण प्रकरणाचे मूळ इथेच आहे.

अडचण कशी दिसली

ऑगस्टच्या मध्यावर स्टेजसमोर ताटाएवढे पिवळे डाग पडले. पाऊस असूनही गवत कोमेजलेले. माळीकाकांचा अंदाज होता की निचरा होत नाही आणि नत्र वाहून गेले. त्यांनी युरिया फेकला. आठ दिवसांनी डाग वाढले, तेव्हा कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक आणून आळवणी केली, म्हणजे औषधाचे पाणी मुळांशी ओतले. डाग थांबले नाहीत.

गणपतीत कोणीतरी साबणाच्या पाण्याची चाचणी सुचवली. बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण मिसळून डागावर ओतायचे, कीड असेल तर दहा मिनिटांत वर येते. ओतले, काही आले नाही. ‘कीड नाही भाऊ, रोगच आहे’ असे ठरले आणि बुरशीनाशकाची दुसरी फेरी झाली. साबणाच्या पाण्याने वर येतात त्या गवतात वावरणाऱ्या लष्करी अळ्या आणि रातकिड्यांच्या जातीचे मातीत भोके पाडणारे किडे. मुळांशी चार इंच खाली बसलेली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, साबणाने वर येत नाही. चाचणी खोटी नव्हती, पण ती दुसऱ्याच किडीची होती. या एका चुकीने तीन आठवडे घालवले.

पितृपक्षात कावळे, साळुंक्या आणि बगळे डागांच्या कडेला रोज सकाळी टोचे मारू लागले. हिरवळ उकरली जाते म्हणून कामगार त्यांना हुसकावत होते. खरे निदान त्या पक्ष्यांनी सगळ्यांच्या आधी केले होते. मग एका सकाळी गवत कापण्याचे यंत्र वळवताना चाकाखालचा तुकडा सतरंजीसारखा गुंडाळून वर आला. खाली मूळ नव्हतेच.

त्या दिवसापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जेमतेम सात आठवडे होते.

निदान

पहिली सूचना होती, कोणतेही औषध आणण्याआधी मोजणी. हिरवळीवर समान अंतराने 12 जागा ठरवल्या. प्रत्येक जागी एक फूट बाय एक फूट चौकोन फावड्याने तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून गवत उलटायचे, खालची चार इंच माती गोणपाटावर काढून हाताने चाळायची, अळ्या मोजायच्या आणि माती परत भरून गवत दाबून पाणी द्यायचे. दोन माणसांना बाराही जागा अर्ध्या दिवसात होतात.

आकड्यांत एक गोष्ट लगेच दिसली. पूर्ण वाळलेल्या डागाच्या मधोमध फुटाला एक किंवा दोनच अळ्या. तिथले खाणे संपल्याने बाकीच्या पुढे सरकल्या होत्या. पिवळे आणि हिरवे जिथे मिळते त्या कडेला मात्र सहा ते नऊ. निंबांच्या बाजूला जे गवत अजून हिरवे होते तिथेही दोन-तीन. फाटकाच्या बाजूला शून्य. अर्धवट पाहणी करणारा माणूस नेमका डागाच्या मधोमध खणतो आणि ‘फार नाही’ म्हणून उठतो. खणायचे ते कडेला.

अळी करंगळीएवढी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, मळकट पांढरी. डोके तपकिरी, पुढे पायांच्या तीन जोड्या, शेपटीकडचा भाग आतल्या मातीने काळपट दिसणारा. ही होलोट्रिकिया गटातील हुमणीची तिसरी, म्हणजे सर्वांत खादाड अवस्था. एवढ्या मोठ्या जातीच्या अळीला लॉनमध्ये फुटाला तीन-चार ही धोक्याची पातळी धरतात.

इथे आणखी एक फाटा फुटला. आवारातल्या शेणखताच्या ढिगात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या सापडल्या. माळीकाका म्हणाले, ‘बघा भाऊ, खतातूनच आली.’ मालकांनी खतवाल्याला फोनही लावला. मग दोन्ही ठिकाणच्या पाच-पाच अळ्या एका फरशीवर ठेवल्या. लॉनमधल्या कुशीवर पडून पाय झाडत राहिल्या. ढिगातल्या मात्र पाठीवर उताण्या होऊन, पाय आभाळाकडे ठेवून, अंगाच्या लाटांनी सरसर चालू लागल्या. पाठीवर चालणारी अळी ही फुलभुंग्यांच्या गटातली. ती कुजका पाला आणि शेण खाते, जिवंत मुळांना तोंड लावत नाही. खतवाल्याचा दोष नव्हता. तरीही अर्धकच्चे शेणखत लॉनवर पसरू नयेच, कारण अंडी घालायला आलेल्या मादीला अशी माती आवडते.

मग हुमणी आली कुठून? वळवाचा आणि मृगाचा पाऊस पडला की जमिनीत झोपलेले भुंगेरे अंधार पडताना बाहेर येतात, निंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच मीलन होते आणि उजाडण्याआधी मातीत उतरतात. मादी ओलसर, भुसभुशीत मातीत तीन ते पाच इंचांवर एकेक करून पन्नासेक अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अळी निघते. पहिल्या दोन अवस्थांत तिचे खाणे थोडे असते, म्हणून जुलैत काही दिसत नाही. ऑगस्टपासून तिसरी अवस्था मुळे फस्त करू लागते. वर्षात एकच पिढी होते.

आता या जागेकडे पाहा. मेअखेर ते जून, संध्याकाळी सात ते आठ, म्हणजे वरात येण्याची वेळ. निंबांवरच प्रखर दिवे, खाली पाणी दिलेली मऊ माती, आणि आसपास कोस-अर्धा कोस सगळे कोरडे. भुंगेऱ्यांना बोलावून, जेवू घालून, बाळंतपणाची सोय करून दिल्यासारखे झाले होते.

पर्याय

मालकांपुढे चार वाटा होत्या.

पहिली, सगळे लॉन काढून नवे अंथरणे. पटकन दिसणारी, सर्वांत महाग आणि या वेळी सर्वांत फसवी. खालच्या मातीत अळ्या तशाच राहिल्या तर नवी मुळे त्यांना कोवळे खाद्य. शिवाय नव्या तुकड्यांना माती धरायला तीन-चार आठवडे लागतात. नाशिकची थंडी पडली की गवताची वाढ मंदावते, आणि त्याच्यावर लगेच खुर्च्या, टाचा आणि मंडपाचे खांब येणार.

दुसरी, फोरेटचे दाणे. एका नातेवाइकाच्या शेतावर जुनी पिशवी होती आणि ‘आम्ही उसाला हेच टाकायचो’ हा आग्रहही. फोरेटच्या वापरावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. अत्यंत विषारी औषध, जिथे काही आठवड्यांनी लहान मुले लोळणार त्या जमिनीत. हा पर्याय चर्चेलाही घ्यायला नको होता. तो घेतला गेला हे घाईचे लक्षण.

तिसरी, बाजारातली दुसरी रासायनिक आळवणी. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण उसातील हुमणीसाठी नोंदलेले आहे. पण लेबलवर दिलेले पीक ऊस आहे, लोकांच्या वावराची हिरवळ नव्हे. मधमाश्यांना दोन्ही घटक घातक. आणि व्यवहाराची गोष्ट अशी की वाढ पूर्ण झालेल्या तिसऱ्या अवस्थेवर कोणत्याही औषधाचा परिणाम कमी मिळतो. त्यातच जुन्या लॉनमध्ये वाळलेल्या गवताचा जो थर साचतो तो बरेच औषध वरच धरून ठेवतो. मालकांचा कल इकडे होता, कारण ‘औषध मारले’ असे गिऱ्हाइकाला सांगता येते.

चौथी, हाताने वेचणी आणि त्याला जैविक उपायाची जोड. कष्टाची, पण लगेच सुरू करता येणारी. जैविकात दोन निवडी होत्या, किडीला मारणारी मेटारायझियम बुरशी की मित्र सूत्रकृमी, म्हणजे अळीत शिरून तिला मारणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. मेटारायझियम हुमणीवर चांगली चालते, पण मोठ्या अळीला मारायला वेळ घेते, आणि इथे मातीत नुकतेच दोनदा बुरशीनाशक गेले होते. ते रोगाच्या बुरशीत आणि उपयोगाच्या बुरशीत फरक करत नाही. चुकीच्या निदानाची किंमत अशी दुसऱ्यांदा मोजावी लागली. सूत्रकृमींना, म्हणजे हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका या जातीला, ती अडचण सहसा येत नाही.

निर्णय चौथ्या वाटेचा झाला, एका अटीवर. दहा दिवसांनी पुन्हा मोजायचे आणि अळ्या कमी झाल्या नसतील तर फेरविचार करायचा.

काय केले

सुमारे पाच गुंठ्यांवरचे मेलेले गवत गुंडाळून काढले. खालची माती दाताळ्याने चार-पाच इंच उकरली आणि चार माणसांनी तीन दिवस वेचणी केली. पंधरा लिटरच्या सव्वातीन बादल्या अळ्या निघाल्या. बादलीत आधीच साबणाचे दाट पाणी. कोंबड्यांना घालू का, असे कामगारांनी विचारले. एरवी हरकत नसती, पण माती औषधाची होती, म्हणून खड्ड्यात पुरल्या. उकरलेली माती दोन दिवस उघडी ठेवली आणि या वेळी पक्ष्यांना कोणी हुसकावले नाही. सकाळी सात ते नऊ साळुंक्यांनी जे काम केले ते मजुरीत मोजता येणार नाही.

सूत्रकृमी वापरले ते या पाच गुंठ्यांवर आणि निंबांकडच्या चार गुंठे हिरव्या पण लागण झालेल्या पट्ट्यावर. मात्रा हेक्टरी अडीच अब्ज, म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख. नऊ गुंठे हे सुमारे 910 चौरस मीटर, म्हणून एकूण 23 कोटींच्या आसपास. आकडा डोळे फिरवणारा असला तरी पाकीट हातात मावते.

हे जिवंत औषध आहे आणि ते बहुतेक वेळा वापरताना मरते. म्हणून पाकीट उघडल्यावर थेंबभर द्रावण काचेवर घेऊन भिंगातून पाहिले. सरळ काडीसारखे पडलेले म्हणजे मेलेले, नागमोडी हलणारे म्हणजे जिवंत. आदल्या संध्याकाळी जमीन भिजवून घेतली, त्यामुळे अळ्याही वरच्या थरात आल्या. पंपातली बारीक जाळी काढली, नाहीतर सूत्रकृमी तिथेच अडकतात. ते तळाशी बसतात, म्हणून टाकी सतत ढवळत ठेवली आणि मिसळल्यापासून दोन तासांच्या आत संपवली. फवारणी ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर. लगेच वरून पाणी दिले, साधारण 12 मिलिमीटर. नऊ गुंठ्यांना ते सुमारे 11,000 लिटर होते. पुढचे दहा दिवस जमीन वाफशापेक्षा किंचित ओली ठेवली, चिखल होऊ न देता.

इथे एक गडबड झाली. चौथ्या दिवशी बोअरची मोटर जळाली आणि दीड दिवस पाणी बंद. निंबांच्या बाजूची माती वरून सुकली. टँकर बोलावेपर्यंत त्या पट्ट्याचे किती नुकसान झाले हे पुढच्या मोजणीत दिसले.

आठव्या दिवशी ओल्या पट्ट्यात खणल्यावर दहांतल्या चार अळ्या विटकरी लाल, मऊ आणि निपचित मिळाल्या. हा रंग हेटेरोऱ्हॅबडायटिसने मारल्याची खूण. सुकलेल्या पट्ट्यात दहांतली एकच. तिथे उरलेल्या पाकिटांची दुसरी फवारणी केली.

दुरुस्तीचा निर्णय सर्वांत जास्त वादाचा ठरला. मालकांना पाचही गुंठे नव्याने अंथरायचे होते. शेवटी प्रवेशाच्या वाटेजवळचे दोनच गुंठे अंथरले. आलेल्या तुकड्यांपैकी प्रत्येक दहावा उलटून खालची माती तपासली, कारण अळी रोपवाटिकेतूनही येऊ शकते. बाकीच्या तीन गुंठ्यांवर स्टेज आणि त्याच्यापुढची प्लायवूडची वाट सरकवली. पाहुण्यांना गालिचा दिसला. त्या जागेचे गवत फेब्रुवारीच्या शेवटी, ऊब आल्यावर लावले आणि ते महिनाभरात भरले.

निकाल, पहिल्या वर्षाचा

तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले लग्न ठरलेल्या तारखेला झाले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच 12 जागी खणले तेव्हा कडेच्या जागी फुटाला एक किंवा दोन अळ्या होत्या. सगळे खूश झाले.

हा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. पावसाळा सरला की पूर्ण वाढलेली हुमणी आपसूक खोल जाते, मातीचे घर करून कोषात जाते, आणि त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसापर्यंत तिथेच पडून राहतो. चार इंचांत अळी न मिळणे म्हणजे ती मेलीच असे नाही. म्हणून तीन जागी दीड फूट खणले. दोन ठिकाणी तपकिरी कोष आणि एक तयार भुंगेरा मिळाला. काही ना काही जूनमध्ये उडणार हे त्या दिवशीच कळले होते.

दुसरे वर्ष

निंब तोडून टाकू, असे मालक म्हणाले. शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते हा एक भाग झाला. खरे कारण वेगळे होते. भुंगेरे जिथे जमतात ती जागा आपल्याला माहीत असणे हीच मोठी सोय आहे. झाड गेले की ते दुसरीकडे जमतील आणि अंडी घालायला याच ओल्या मातीत येतील.

मेमध्ये निंबांवरचे दिवे काढून पार्किंगकडच्या खांबांवर नेले आणि स्टेजला पिवळसर दिवे लावले. पार्किंगच्या टोकाला एक प्रकाश सापळा, खाली साबणाच्या पाण्याचे घमेले. लॉनचे पाणी मेअखेरपासून रोजच्याऐवजी तिसऱ्या दिवशी आणि तेही सकाळी, म्हणजे संध्याकाळी वरची माती कोरडी राहील.

पहिला जोरदार वळीव पडला त्या संध्याकाळपासून कामाला लागले. साडेसातपर्यंत भुंगेरे झाडावर बसू द्यायचे, आठनंतर खाली जुनी मंडपाची कापडे पसरून लांब आकडीने फांद्या झटकायच्या, खाली पडलेले झाडूने गोळा करून बादलीत टाकायचे. पूर्वी पाण्यात रॉकेल घालत. ते आता सहज मिळत नाही, साबणाच्या दाट पाण्यानेही भुंगेरे बुडतात. पलीकडच्या बाभळींसाठी प्लॉटमालकाची परवानगी आधीच घेतली होती. सहा संध्याकाळी मिळून सुमारे अकराशे भुंगेरे मिळाले, त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्या दोन संध्याकाळी. निम्म्या माद्या धरल्या आणि मादीमागे पन्नास अंडी, तर 27,000 च्या घरात अंडी मातीत पडण्याआधीच गेली. सप्टेंबरात चार माणसांना तीन दिवस लागले होते. हे काम दोन माणसांनी रोज दीड तासात केले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, अळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असताना, मेटारायझियम दिली. हेक्टरी 20 किलोच्या हिशोबाने अर्ध्या एकराला 4 किलो. ती पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या गांडूळखतात मिसळून सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवली आणि ढगाळ दिवशी पसरून झाडूने गवताच्या मुळाशी ढकलली. त्या आधी-नंतर महिनाभर बुरशीनाशकाला पूर्ण मज्जाव. ऑगस्टात खणताना काही अळ्या पांढऱ्या, कडक होऊन त्यांच्यावर हिरवट भुकटी आलेली मिळाली.

काय वेगळे करता आले असते

ऑगस्टच्या पहिल्या डागाला खत किंवा औषध देण्याआधी एक फूट हिरवळ उलटायला हवी होती. फावडे आणि पाच मिनिटे, एवढाच खर्च. त्या वेळी बऱ्याच अळ्या दुसऱ्या अवस्थेत असत्या आणि सूत्रकृमींचा परिणाम कितीतरी जास्त मिळाला असता. पिवळे गवत हाताने ओढून पाहिले असते तरी कळले असते. रोगट गवत पानाशी तुटते, हुमणीचे गवत मुळासकट हातात येते.

सूत्रकृमी आणण्याआधी पाण्याची दुसरी सोय करून ठेवायला हवी होती. मोटर कधीही जळू शकते, जिवंत औषधाला दीड दिवसाची उसंत नसते. आणि औषध न मारलेला एक छोटा पट्टा मुद्दाम सोडला असता तर वेचणीने किती गेल्या, सूत्रकृमींनी किती आणि ऋतूनुसार आपसूक किती खाली गेल्या हे वेगळे काढता आले असते. या प्रकरणात ते सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात त्याच 12 जागा खणल्या. नऊ ठिकाणी शून्य, दोन ठिकाणी एकेक. हात धुण्याच्या नळाजवळच्या एका जागी मात्र तीन. तो नळ उन्हाळाभर ठिबकत होता आणि पाणी तिसऱ्या दिवशी देण्याचा नियम त्या चार हातांच्या जागेला कधी लागूच झाला नव्हता. नळाचा वायसर बदलला. येत्या मेपासून संध्याकाळच्या फेरीत तो कोपरा हात लावून कोरडा आहे का हे माळीकाका पाहणार आहेत.